डोकं वर करा

“उद्या संध्याकाळी बाईसाहेबांनी गुडघे टेकायचे,” कुमागाई म्हणाले. “मासळी बाजाराच्या पटांगणात. कपाळ जमिनीला लागलं पाहिजे. नुसतं वाकून भागणार नाही.”

प्रचार कार्यालयात बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांच्या गुडघ्यांबद्दल हे चाललं होतं, त्या मिसाओ-सान कोपऱ्यात कार्यकर्त्यांसाठी भाताचे गोळे वळत बसल्या होत्या. त्यांना काही विचारावं असं कोणाच्या मनातही आलं नाही.

“आणि सेन्सेई काय करणार?” मी विचारलं.

“सेन्सेई शेजारी उभे राहतील.”

“का? त्यांना गुडघे नाहीत?”

कुमागाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. माशाच्या वड्यांच्या कारखान्याचा हा मालक सेन्सेईंच्या समर्थक मंडळाचा अध्यक्ष होता आणि अर्धं गाव त्याच्या खिशात होतं. “कुंदा-सान, तुम्ही परदेशी,” ते समजुतीनं म्हणाले. “उमेदवारानं गुडघे टेकले तर लोकांना वाटतं, गडी हरला. बायकोनं टेकले तर लोकांच्या पोटात कालवतं. बाईसाहेबांच्या आईही टेकायच्या.”

“दर निवडणुकीला,” मिसाओ-सान मान वर न करता म्हणाल्या. “मी शेजारी उभी असायचे. तिच्या किमोनोचा माशांचा वास जाता जायचा नाही.”

“मग ठरलं ना?”

“ठरलं,” त्या म्हणाल्या, आणि पुढचा गोळा वळायला घेतला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं होऊन गेली, पण ती आठवली की अजूनही कानशिलावरची शीर उडायला लागते. डॉक्टर रागावू नका म्हणतात. डॉक्टर तिथे नव्हते.

मी कुंदा सप्रे, पुण्याची. जपानी शिकले आणि तिकडच्या एका बंदराच्या गावात नगरपालिकेच्या नोकरीवर गेले. तिथल्या एका समारंभात खासदार सेगावा तेत्सुओ यांनी मला पाहिलं, पुण्याची आहे हे ऐकलं आणि आपल्या कार्यालयात घेतलं. पाहुण्यांपुढे मिरवायला एक भारतीय बाई त्यांना हवीच होती. तिकडे नावामागे आदरानं ‘सान’ लावतात आणि खासदाराला ‘सेन्सेई’ म्हणतात, म्हणजे गुरुजी. मी मनातल्या मनात त्यांना गुरुजीच म्हणायचे, कारण दुसरं जे काही सुचायचं ते बोलता येण्याजोगं नसायचं.

हे गुरुजी मूळचे सेगावा नव्हेतच. जन्माचं आडनाव निवा. रेल्वेतल्या कारकुनाचा हुशार मुलगा, परीक्षा देऊन परराष्ट्र खात्यात गेला. काही वर्षं मुंबईच्या कचेरीत काढली, मग जिनिव्हा, मग कैरो. दिसायला उंच, बोलायला गोड. त्याच सुमारास या गावचे म्हातारे खासदार सेगावा वारस शोधत होते. खरं तर वारस घरातच होता. एकुलती एक मुलगी मिसाओ बापाबरोबर गल्लीगल्ली फिरलेली, कोणाच्या घरात कोण आजारी, कोणाचं कोणाशी वाकडं, सगळं तिला तोंडपाठ. पण मतदारसंघ मुलीला देतात होय! म्हणून म्हाताऱ्यांनी जावई आणला, त्याला स्वतःचं आडनाव दिलं आणि मतदारसंघ त्याच्या हवाली केला. आपल्याकडे घरजावई म्हटलं की माणूस ओशाळतो. तिकडचा हा घरजावई सरळ संसदेत जाऊन बसला. त्याची भाषणं मिसाओ-सान लिहायच्या, आणि ते ती गोड आवाजात वाचायचे.

तेवढ्यात गुरुजी आत आले. प्रचारात तिकडचे उमेदवार पांढरेशुभ्र हातमोजे घालतात, हात निर्मळ आहेत हे दिसावं म्हणून. गुरुजी ते घरातही काढत नसत.

“काय ठरलं?”

कुमागाईंनी सांगितलं. गुरुजी बायकोकडे न बघताच म्हणाले, “मिसाओला सवय आहे त्याची.” मग माझा चेहरा पाहून हसले. “कुंदा-सान, तुमच्याकडे तर बायका नवऱ्याच्या पाया पडतात. मी मुंबईत पाहिलंय.”

“मुंबईत तुम्ही पुष्कळ पाहिलंत, सेन्सेई,” मी म्हणाले. “भाषा मात्र शिकला नाहीत.”

त्यांचं हसू तिथेच थांबलं. का थांबलं ते त्या खोलीत आम्हा तिघांनाच माहीत होतं.

त्याच वर्षी वसंतात गावची किकु-मारू नावाची होडी रात्री माकुळं, म्हणजे स्क्विड, पकडायला गेली होती, ती परत आली नाही. एका परदेशी मालवाहू जहाजानं तिला चिरडलं. एकही माणूस वाचला नाही. ते जहाज पुढच्या बंदरात सापडलं, नाकाडाला होडीचा रंग लागलेला. कप्तान म्हणाला, दाट धुकं होतं, काही दिसलं नाही. आता माकुळांच्या होडीवर किती दिवे असतात ते तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दिव्यांच्या उजेडावरच माकुळं वर येतात. पण ज्या देशाचं ते जहाज, त्या देशाशी त्याच महिन्यात मोठा करार व्हायचा होता. करार जमवून आणणारे आमचे गुरुजी, जुने मुत्सद्दी. करार झाला की परराष्ट्र खात्यात उपमंत्रिपद नक्की, असं ते स्वतःच सांगत फिरत. अपघातातही मध्यस्थ म्हणून तेच पुढे झाले.

जहाजावर पहाऱ्याला होता आपला कोकणातला एक खलाशी, रमाकांत पालशेतकर, गुहागरकडचा. त्याला मराठीशिवाय धड काही बोलता येईना, म्हणून मला बोलावलं. बंदराच्या कचेरीत चौकशी अधिकारी, गुरुजी, मी आणि तो, एवढेच होतो. मी मराठीत बोलल्याबरोबर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“ताय, दिवं दिसत व्हतं,” तो म्हणाला. “जत्रंत असतात तसं. मी वरडलो, कप्तान, मानसं हायत पुढं! कप्तानानं बघितलान. माझ्यासमोर बघितलान. पन जहाज काय वळवलान नाय. मागंपन फिरलान नाय. मानसं पान्यात हाका मारीत व्हती, ताय. मी आयकल्या.”

मी अधिकाऱ्याकडे वळले, तोंड उघडलं, आणि गुरुजींनी हात वर केला.

“राहू द्या. मला समजलं. मी मुंबईत होतो.” मग अधिकाऱ्याला म्हणाले, “दाट धुकं होतं म्हणतोय. काही दिसलं नाही म्हणतोय. बिचारा फार घाबरलाय.”

“नाही!” मी ओरडले. “असं म्हणाला नाही तो! दिवे दिसत होते म्हणाला. कप्तानानं पाहिलं म्हणाला!”

“कुंदा-सान दमल्या आहेत,” गुरुजी हसून म्हणाले. “असलं काही ऐकलं की बायकांचं असं होतं.”

मी रमाकांतचा शब्द न् शब्द जपानीत सांगितला. पुन्हा सांगितला. टेबलावर मूठ आपटली. अधिकारी मांडीवरच्या टोपीकडे बघत राहिला. सेन्सेई बोलले होते, त्यापुढे दुभाषी बाई काय बोलते याला कोण विचारतो! आणि हे सगळं चाललेलं असताना तो बिचारा रमाकांत माझ्याकडे आशेनं बघत विचारत होता, “ताय, सांगितलंव ना त्यांना?”

दुसऱ्या दिवशी त्याला विमानात बसवून घरी पाठवलं. मग गुरुजींनी किकु-मारूच्या घरच्यांना जमवलं, उदबत्त्या लावल्या, डोळे टिपले, आणि त्या दिवशी स्वतःचा हात दिसू नये इतकं धुकं होतं हे त्यांना पटवून दिलं. दोष कोणाचाच नाही, समुद्राचा. प्रकरण मिटलं. कराराच्या फोटोत गुरुजी मधोमध उभे होते.

मी त्याच संध्याकाळी मिसाओ-सानना सगळं सांगितलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, “मला थोडा वेळ द्या. तोवर गावात बोलू नका. तुम्ही एकट्या बोललात तर तुम्ही दमल्या आहात असंच सगळे म्हणतील.” मी थांबले. आणि त्या भाताचे गोळे वळत राहिल्या.

म्हणून त्या दिवशी कार्यालयातून घरी आल्यावर स्वयंपाकघरात मी त्यांना गाठलंच.

“वसंतात वेळ मागितला होतात,” मी म्हणाले. “आता थंडी पडली. आणि उद्या तुम्ही त्या माणसासाठी जमिनीला कपाळ लावणार?”

मिसाओ-सान भाताचं पातेलं घासत होत्या. “गुडघे टेकण्याचा एक नियम आहे,” त्या म्हणाल्या. “समोरच्यानं ‘डोकं वर करा’ म्हटल्याशिवाय उठायचं नाही. आई टेकायची तेव्हा पहिल्या रांगेतून कोणीतरी लगेच तसं म्हणायचं. मोठी झाल्यावर मला कळलं, तो माणूस कुमागाईंनीच उभा केलेला असायचा.”

“मला असल्या नाटकांची चीड आहे.”

“मलाही आहे.” त्यांनी पातेलं पालथं घातलं. “उद्या पहिल्या रांगेत कोतो आजींना उभं करायचंय. त्यांना आणि किकु-मारूच्या सगळ्या बायकांना. तुम्ही सांगून याल?”

कोतो आजी म्हणजे त्या होडीच्या तांडेलाची आई. माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. मतांसाठी आता या बायकांचं दुःखही बाजारात मांडायचं! हातातलं फडकं मी मोरीत फेकलं.

“मी नाही जाणार,” मी म्हणाले. “लाज वाटत नाही तुम्हाला? सेन्सेई निदान परके आहेत. तुम्ही या गावच्या. तुम्ही त्यांच्याहून वाईट आहात.”

त्यांनी ओले हात पुसले. “मग मीच जाऊन सांगते,” त्या म्हणाल्या. “उद्या फक्त माझ्या जवळ उभ्या राहा.”

 परवा सकाळी राजीनामा द्यायचा आणि पहिलं विमान धरायचं, हे मी तिथेच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पटांगण भरलं होतं. जमीन धुतलेली, पण माशांचे खवले तसेच चिकटलेले. प्रचाराच्या गाडीतली मुलगी लाडिक आवाजात ‘सेगावा तेत्सुओ, सेगावा तेत्सुओ’ असा जप करत होती. पहिल्या रांगेत काळ्या कपड्यांतल्या बायका आणि त्यांच्या मधोमध रबरी बूट घातलेल्या कोतो आजी. मुलगा गेला तरी आजी रोज मासे साफ करायला यायच्याच, पोट कोणाला चुकलंय! कुमागाईंनी त्या बायकांना पाहिलं आणि खूश होऊन मला म्हणाले, “बाईसाहेबांचं डोकं बघा. अगदी वडिलांचं आहे.” मी त्यांच्याकडे पाठ केली.

गुरुजींचं भाषण झालं. मग मिसाओ-सान पुढे आल्या, किमोनो सावरला आणि ओल्या जमिनीवर गुडघे टेकले. दोन्ही तळहात पुढे ठेवले, आणि कपाळ जमिनीला लावलं. गर्दीतून हुंदके ऐकू यायला लागले. कुमागाईंनी मागे उभ्या केलेल्या त्यांच्या माणसाला खूण केली.

“डोकं वर करा, बाईसाहेब!” तो ओरडला.

मिसाओ-सान हलल्या नाहीत.

गुरुजींनी माइक तोंडाशी धरला. “माझी पत्नी तुमच्यापुढे मतांची...”

“मत मागायला मी टेकले नाही,” मिसाओ-सान म्हणाल्या. कपाळ जमिनीलाच होतं, पण बापाबरोबर सभा गाजवलेला आवाज होता तो, पार शेवटपर्यंत पोचला. “मी माफी मागायला टेकलेय. किकु-मारूच्या घरच्यांची. माझ्या वडिलांची जागा मी या माणसाच्या हाती दिली. याची सगळी भाषणं मी लिहिली. धुक्याचं तेवढं मी लिहिलेलं नाही. त्या दिवशी धुकं नव्हतं.”

 गाडीतल्या मुलीचा जप मध्येच थांबला.

“मिसाओ दमली आहे,” गुरुजी माइकमधून म्हणाले. त्याच गोड आवाजात.

तो शब्द ऐकला आणि माझं भान सुटलं. मी दोन ढांगांत त्यांच्यापाशी पोचले आणि माइक हिसकला. त्यांनी घट्ट धरला होता, तेव्हा माइकबरोबर हातमोजाही निघून आला.

“कुंदा-सान,” जमिनीवरून मिसाओ-सान म्हणाल्या, “त्या खलाशानं काय सांगितलं, ते सांगा.”

मी आधी मराठीतच बोलले. ताय, दिवं दिसत व्हतं, जत्रंत असतात तसं. रमाकांत जसा बोलला होता तसंच, त्याच्या हेलात, एकाही माणसाला कळत नसताना. मग त्यांच्या भाषेत सांगितलं. कप्तानानं पाहिलं. जहाज वळवलं नाही. पाण्यातली माणसं हाका मारत होती. आणि बंदराच्या कचेरीत सेन्सेईंनी याच्या जागी अधिकाऱ्याला काय सांगितलं, तेही सांगितलं.

“टेका!” कुमागाई दातओठ खात गुरुजींना म्हणाले. “सेन्सेई, आता तरी टेका!”

आणि टेकले. एक हात उघडा, एका हातात मोजा घातलेला, अशा अवस्थेत गुरुजी बायकोच्या शेजारी जमिनीवर पडले आणि कपाळ टेकवलं.

कोतो आजी रांगेतून बाहेर आल्या. आधी माझ्याकडे आल्या.

“तो मुलगा ओरडला म्हणालात?”

“हो, आजी.”

“मोठ्यानं?”

“मोठ्यानं ओरडला. माणसं आहेत म्हणून ओरडला.”

“नाव काय त्याचं?”

“रमाकांत.”

त्यांना ते नीट उच्चारता येईना. ओठांतल्या ओठांत पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं त्यांनी. “कोणीतरी ओरडलं होतं तर,” त्या म्हणाल्या. मग त्या मिसाओ-सानपाशी गेल्या, वाकल्या, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“डोकं वर करा,” आजी म्हणाल्या.

मिसाओ-सान उठल्या. कपाळाला माशाचा खवला चिकटला होता. मला त्यांच्याकडे बघवेना. आदल्या दिवशी मी त्यांना काय बोलले होते ते त्यांनी पुढेही कधी काढलं नाही.

आजी मग गुरुजींसमोर येऊन उभ्या राहिल्या. गुरुजींचं कपाळ जमिनीवर होतं, आजींचे बूट मात्र त्यांना दिसत असणार. ते वाट बघत होते. आजींनी त्यांना वळसा घातला आणि चालायला लागल्या. त्यांच्यामागून किकु-मारूच्या बायका गेल्या, मग बाकीचे लोक. कुमागाईंचा ठरवलेला माणूस कुमागाईंकडे बघत राहिला. कुमागाईंनी नाही म्हणून मान हलवली, गाडीत बसले आणि निघून गेले. माझ्या हातात तो माइक अजून चालूच होता. मी तो बंद करून जमिनीवर पडलेल्या हातमोज्याशेजारी ठेवला. पटांगण रिकामं झालं, दिवे लागले, तरी गुरुजी तसेच पडून होते. त्यांना कोणी ‘डोकं वर करा’ म्हटलं नाही.

निवडणूक ते हरले. पण त्या कप्तानाचं कोणी काही वाकडं केलं नाही, तो केव्हाच मायदेशी पोचला होता, आणि करारही मोडला नाही. पडलेल्या पुढाऱ्याची सोय तिकडेही लावतात. गुरुजींना एका देशात राजदूत करून पाठवलं, पुढे सरकारी पदकही दिलं. मिसाओ-साननी घटस्फोट घेतला, त्यात एकच गोष्ट मागितली, नवऱ्याला दिलेलं आपलं आडनाव परत. गुरुजी पुन्हा निवा झाले. पुढच्या खेपेला त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. कोणालाही गुडघे टेकायला न लावता.

मागच्या वर्षी गुरुजी गेले. पुण्यातल्या एका भारत-जपान मैत्री मंडळानं शोकसभा ठेवली. मला बोलावणं आलं, मी गेले. टेबलावर हार घातलेला फोटो होता. एका गृहस्थांनी त्यांची कारकीर्द वाचून दाखवली. मुंबईतली वर्षं, जिनिव्हा, कैरो, संसद, राजदूतपद, पदक. भारताचे सच्चे मित्र. सागरी सहकार्याचे शिल्पकार. शेवटी ते गृहस्थ कागद खाली ठेवून म्हणाले, “आणि विशेष म्हणजे, निवासाहेबांना मराठी उत्तम समजत असे.”

मग दोन मिनिटं शांतता पाळण्यासाठी सगळे उभे राहिले. खुर्च्या वाजल्या आणि सभागृह गप्प झालं. शेजारची कार्यकर्ती मुलगी माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, “काकू, गुडघे दुखतात का? हात देऊ?”

“नको,” मी म्हणाले. “गुडघे ठणठणीत आहेत माझे.”

आणि मी बसून राहिले.